गेलेल्यांच्या फिती

या, जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. एका चोरीची कथा आहे. चोरीला काय गेलं? तर एका माणसाचा आवाज. चोर शेवटी सापडतो, ती काळजी नको. फक्त सापडल्यावर त्याच्यावर रागवायचं की त्याला हात जोडायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा. देवाचं नाव घेऊया आणि सुरुवात करूया.

१

रेडिओ केंद्राच्या बाहेरच्या खोलीत एक आजी सकाळपासून बाकावर बसून होत्या. शेजारी त्यांची लेक. आजींचे यजमान गाऊन निरूपण करायचे. देवाची एखादी गोष्ट घ्यायची, अर्धी सांगायची, अर्धी गायची, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं की लगेच विनोद करून त्याला हसवायचं, अशी त्यांची रीत. केंद्रावरून ते पहाटे लागायचे, म्हणून सगळे त्यांना पहाटबुवाच म्हणत. बुवा जाऊन आता बराच काळ लोटला होता.

"चेहरा फोटोत आहे हो," आजी समोरच्या बाईंना सांगत होत्या. "पण आवाज मला आठवेनासा झालाय. परवा डोळे मिटून आठवू गेले, तर दूधवाल्याचाच आवाज आला. एकदा ऐकवा. मग नाही येणार त्रास द्यायला."

समोरच्या बाई म्हणजे मुख्य कचेरीने पाठवलेल्या तपासनीस. लेकीने बुवांच्या ध्वनिफितीसाठी अर्ज केला होता, आणि 'अशी फीत आमच्याकडे नाही' असं केंद्राने कळवलं होतं. सगळ्या गावाने ऐकलेली फीत नाही कशी? लेकीने तक्रार केली, म्हणून बाई आल्या. लिफ्ट बंद, पंखा बंद, आणि पायात नवी चप्पल. बाईंचं डोकं जिना चढतानाच तापलं होतं.

वर संचालकांनी हसून स्वागत केलं. "मॅडम, उगाच आलात. प्रकरण मिटलंय. भांडारातल्या काकूंनी कबुली दिली आहे. त्यांनीच फीत पुसली. संध्याकाळी त्यांना कामावरून कमी करण्याच्या कागदावर सही करतो."

भांडारातल्या काकू कोपऱ्यात उभ्या होत्या. केंद्रातल्या सगळ्या फिती सांभाळणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना काकूच म्हणत. संचालकही.

"काकू, फीत तुम्ही पुसली?" बाईंनी विचारलं.

"पुसली असेन, ताई. मागे कोऱ्या फितींची टंचाई होती. जुन्या फिती पुसून त्यांच्यावरच नवं भरा, असा वरून हुकूम होता. त्यात गेली असेल."

"असेन, असेल! पुसल्याचं आठवतंय का?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आठवतंय ते उलटंच. बुवांची फीत मी बाजूला काढून जपून ठेवली होती. पण यंत्र नाही म्हणतंय ना? मग माझ्याच डोक्यात गोंधळ असणार."

बाईंनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

२

यंत्राची हकिगत अशी. केंद्रातल्या फितींची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये होती. त्यातून काही हवं असेल तर त्याच्या खास भाषेत क्वेरी, म्हणजे शोधाची आज्ञा, लिहावी लागे, आणि ती केंद्रात एकट्या इंजिनियरला यायची. म्हणून संचालकांनी गाजावाजा करून नवी सोय आणली. पडद्यावर आपल्या साध्या बोलीत प्रश्न लिहायचा. आतलं भाषा-मॉडेल त्याची क्वेरी बनवतं, डेटाबेसला विचारतं, आणि आलेलं उत्तर पुन्हा साध्या बोलीत आपल्याला देतं. सोय खरंच चांगली होती. मग क्वेरी थेट लिहायचा जुना पडदा बंद केला, फिती नव्या तळघरात हलवल्या, आणि खोक्यांवरची नावं जाऊन नुसत्या आकड्यांच्या पट्ट्या आल्या. कुठल्या खोक्यात काय आहे, हे आता डेटाबेसलाच ठाऊक.

निवेदकाने या सोयीचं नाव ठेवलं होतं जावईबापू.

"का?" बाईंनी त्याला विचारलं.

"कौतुक करायचं, पुढ्यात बसायचं, आणि उलट विचारायचं नाही," निवेदक म्हणाला. माइकसमोर त्याचा आवाज मधासारखा; माइक बंद झाला की कारलं. "मॅडम, बुवांची फीत ही पहिली नाही. बासरीवाले वारले, मला श्रद्धांजलीचा कार्यक्रम करायचा होता. जावईबापू म्हणाले, अशी नोंद नाही. मग आमच्या गोष्टीवाल्या ताई वारल्या. पुन्हा तेच! मी तोंडावर पडलो. शेवटी अर्धा तास नुसतं दुखवट्याच्या सारंगीवर भागवलं. लोकांना वाटलं मीच वारलो."

"त्याही फिती टंचाईत पुसल्या असतील."

"कशा पुसतील? ताईंची फीत त्या जायच्या आदल्याच आठवड्यात मी स्वतःच्या हाताने लावली होती."

बाई थांबल्या. टंचाई किती जुनी, आणि ही फीत तर आत्ताआत्तापर्यंत होती. म्हणजे काकूंची कबुली निदान ताईंच्या फितीला लागू पडत नव्हती.

निवेदकाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी सांगितलं म्हणून सांगू नका. पण आमच्याकडे माणूस मेलं की त्याची फीत नाहीशी होते. गेलेल्या माणसाचा आवाज संग्रह करणाऱ्यांना हवाच असतो. आणि तळघराची किल्ली दोघांकडेच आहे. एक काकू. दुसरा तो, जावईबापूंचा सासरा."

३

जावईबापूंचा सासरा म्हणजे इंजिनियर. तो पडद्यासमोर बसून चणे खात होता.

"निवेदक माझ्याबद्दल काय म्हणाला ते सांगू नका, मला पाठ आहे," तो म्हणाला. "तळघरात मी उंदरांच्या भीतीने जात नाही, हे नाही सांगितलं ना त्याने? मॅडम, यंत्र खोटं बोलत नाही. बसा, तुम्हीच विचारा."

बाई बसल्या. त्यांनी लिहिलं, 'पहाटबुवांची फीत आहे का?'

उत्तर आलं, 'क्षमस्व, पहाटबुवांचे कोणतेही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. आणखी काही मदत करू का?'

'पहाटबुवांचं सगळं दाखव.'

'क्षमस्व, पहाटबुवांचे कोणतेही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. आणखी काही मदत करू का?'

'पहाटे लागणारं निरूपण कोणाचं होतं?' दुसऱ्याच एका गायकाचं नाव आलं. 'त्यांच्या आधी कोणाचं होतं?' क्षमस्व. बाईंनी सरळ विचारलं, वाकडं विचारलं, विनवून विचारलं, शेवटी टेबलावर हात आपटून विचारलं. यंत्राचा गोडवा तिळभर कमी झाला नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, इतकं ते अदबीने नाही म्हणत होतं.

"दोन बाळं वाढवली मी," बाई कपाळ चोळत म्हणाल्या, "पण इतकं कोणी पिडलं नव्हतं."

"चणे घ्या," इंजिनियर म्हणाला.

बाईंनी चणे घेतले आणि निवेदकाला हाक मारली. "इथे बसा. तुम्हाला माहीत असलेले गेलेले कलावंत सांगत जा, आणि असलेलेही."

निवेदक एकेक नाव सांगत गेला, बाई लिहीत गेल्या. असलेले सगळे होते. गेलेले कोणी नव्हते. खोलीत हळूहळू गारठा उतरावा तसं झालं. इंजिनियरचा हात चण्यांच्या पुडीतच राहिला.

"व्हायोलिनवाले," निवेदक म्हणाला. "परदेशी जाऊन राहिले होते, तिथेच वारले. त्यांचा पुतण्या माझ्या शेजारी राहतो, त्यानेच परवा सांगितलं."

'व्हायोलिनवादकांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. यादी देऊ का?'

तिघांनीही पडद्याकडे नीट पाहिलं. गेलेला माणूस, आणि फीत जागेवर!

"आता एखादं ठणठणीत माणूस सांगा," बाई म्हणाल्या.

"पोवाड्यावाल्या आत्या. कालच फोनवर मला झाडलंय त्यांनी. मेल्या, माझं गाणं का लावत नाहीस म्हणून."

'क्षमस्व,' यंत्र म्हणालं.

४

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करू पाहत होतं आणि ती होत नव्हती. बाईंना त्या गाडीबद्दल फार आपुलकी वाटली.

"या आत्या," त्यांनी मागे न वळता विचारलं, "कधी आजारी होत्या का?"

"आजारी? त्यांच्या जाण्याची बातमीच आली होती मागे!" निवेदक हसला. "कोणीतरी अफवा उठवली. इथे सगळे हळहळले. मी तर भाषणही लिहून ठेवलं होतं. मग बाईसाहेब स्वतःच फोनवर, मी मेले तर मला कसं नाही कळलं म्हणून!"

बाई वळल्या. आता त्यांच्या डोळ्यांत राग होता, पण त्या रागाला दिशा सापडली होती.

"असं बघा. व्हायोलिनवाले खरंच गेले, पण इथे कोणाला पत्ता नव्हता. त्यांची फीत आहे. आत्या जिवंत आहेत, पण त्या गेल्याची बातमी इथे पोचली होती. त्यांची फीत नाही. म्हणजे फिती माणूस गेल्यामुळे नाहीशा होत नाहीत. माणूस गेल्याची बातमी या इमारतीत आली की होतात. आणि संग्राहकांना फिती विकणारा कोणी चोर असता, तर आत्या जिवंत असल्याचं कळल्यावरही त्यांची फीत दाबून ठेवून त्याने काय मिळवलं असतं? बातमी ऐकून इथलंच कोणीतरी, मनात काही पाप न ठेवता, काहीतरी करतंय."

"कोण?" इंजिनियरने विचारलं.

"बातमी आली की ती पहिली कोणाला सांगता तुम्ही?"

निवेदकाने कपाळाला हात लावला. "काकूंना," तो म्हणाला.

काकूंना बोलावलं. त्या आल्या त्या निरोप घ्यायच्या तयारीनेच; पिशवी हातात होती, डबा धुऊन आत ठेवलेला.

"काकू, बसा. एखादा कलावंत गेल्याचं कळलं की तुम्ही काय करता?"

"काय करणार ताई? हात जोडते."

"आणि मग?"

"मग त्यांच्या फितीला विश्रांती देते."

तिघेही एकदम त्यांच्याकडे वळले. काकूंनाच कळेना, एवढं काय झालं.

"म्हणजे कशी देता, ते सांगा ना काकू."

"मी नवी होते तेव्हाची गोष्ट. एक तरुण गायक अपघातात गेला. आणि ज्या दिवशी त्याला घरून उचललं, त्याच दुपारी इथून त्याचं लग्नाचं गाणं लागलं. कोणाला ठाऊकच नव्हतं. त्याची आई ते ऐकून दारात आली, पोरगा आला म्हणून. तेव्हापासून आम्ही भांडारवाल्यांनी ठरवलं. कोणी गेलं की त्याची फीत लावायची नाही. घरच्यांनी येऊन सांगावं, आता लावा, मगच लावायची. आधी खोक्याला पांढरा दोरा बांधायचो. कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात 'प्रसारणास योग्य' असा एक रकाना होता. तिथे मी 'नाही' करते. नुसतं लावू नये म्हणून. फीत तर असतेच की!"

"आणि घरचे सांगायला आले नाहीत तर?"

काकूंचा चेहरा उतरला. "घरच्यांना कुठे ठाऊक, असं सांगायचं असतं म्हणून? आणि आत्यांचं 'नाही' काढायचं राहूनच गेलं माझ्याकडून. पण ताई, याचा फीत हरवण्याशी काय संबंध?"

बाई इंजिनियरकडे वळल्या. "मी मघाशी प्रश्न विचारला, त्याची यंत्राने बनवलेली क्वेरी दाखव. उत्तर नको. क्वेरी."

"ती लपवलीय, मॅडम. साहेब म्हणाले, लोक गोंधळतात."

"मी गोंधळलेलीच आहे. दाखव!"

५

क्वेरी पडद्यावर आली. दोनचार ओळींची. इंजिनियर बोट ठेवून एकेक ओळ उलगडून सांगू लागला.

"फितींच्या तक्त्यातून शोध. गायकाच्या जागी पहाटबुवा. आणि प्रसारणास योग्य…" त्याचं बोट तिथेच थांबलं. "'होय' असलेल्याच."

"हे मी विचारलं होतं?"

"नाही."

"मग यंत्राने आपल्या मनाने कसं घातलं?"

इंजिनियरने पुडी बाजूला ठेवली. "मनाने नाही, मॅडम. माझ्यामुळे. यंत्राला आमचा डेटाबेस कळावा म्हणून मी त्याला नमुन्याचे प्रश्न आणि त्यांच्या क्वेरी दिल्या होत्या. आणि प्रश्न सगळे निवेदकांकडून गोळा केले. ते काय विचारणार? आज काय लावू, उद्या काय लावू. त्यांना लावता येण्यासारखंच हवं असतं, म्हणून प्रत्येक क्वेरीत ही अट होती. यंत्राने धडा घेतला, की इथे काहीही विचारलं तरी ही अट घालायचीच असते."

"म्हणजे ते लावण्याजोग्या फितींमध्ये बघत होतं," निवेदक सावकाश म्हणाला, "आणि आपल्याला सांगत होतं, की जगातच नाही."

"आणि आम्ही ऐकत होतो," इंजिनियर म्हणाला.

बाईंचा पारा उतरला नव्हता. उलट, चोर सापडल्यावर तो जास्तच चढला. संचालक कागद घेऊन दारात आले होते, त्यांनाही त्यातलं मिळालं.

"साहेब, काकूंनी आदर म्हणून एक खूण केली. याने सोय म्हणून चार नमुने दिले. तुम्ही गोंधळ नको म्हणून क्वेरी झाकली. एकाच्याही मनात वाईट नव्हतं! आणि तिघांनी मिळून या भांडारातले सगळे गेलेले लोक पुन्हा एकदा मारून टाकले. चीड कशाची येते सांगू? ही बाई म्हणत होती, मी जपून ठेवलीय. यंत्राने गोड आवाजात नाही म्हटलं, आणि तिने स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास सोडला. तुम्ही तर सहीला पेन काढलंत!"

संचालकांनी कागदाची घडी घातली, मग घडीची घडी घातली, आणि खिशात ठेवली. "आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच कोणालातरी विचारलं.

"यंत्राला घरी पाठवायची गरज नाही. पण त्याने उत्तराबरोबर सांगायचं, की प्रश्न मी असा समजलो आणि अमुक अटी घातल्या. नाही म्हणायचं असेल तर कुठे पाहून नाही म्हणतोय, तेही. आणि नमुन्यांमध्ये काकूंचे प्रश्न घाला."

इंजिनियरने ती अट काढली आणि क्वेरी पुन्हा चालवली. पडद्यावर पहाटबुवांचं नाव आलं. खाली खोक्याचा आकडा, मांडणी, कप्पा.

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "जपून ठेवली होती," त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "मी जपूनच ठेवली होती."

उंदरांना भिणारा इंजिनियर किल्ली घेऊन स्वतः तळघरात उतरला.

६

आजींना स्टुडिओत आणलं. लेकीने त्यांना हाताला धरून मऊ खुर्चीत बसवलं. फीत वाजवायच्या यंत्रावर चढली. सगळे थांबले होते, आणि काकू बटणावर बोट ठेवून तशाच उभ्या.

"लावा ना काकू," निवेदक कुजबुजला.

काकू आजींसमोर जाऊन वाकल्या. "आजी, एक विचारायचं राहिलंय. दुखवटा संपला असं घरच्यांनी म्हटल्याशिवाय आम्ही फीत लावत नाही. संपला का हो?"

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारला नव्हता.

"तो कसला संपतोय, बाई," त्या म्हणाल्या. "पण लावा तुम्ही."

आधी नुसती खरखर. मग कोणीतरी घसा साफ केला, आणि आजींचा हात लेकीच्या हातावर घट्ट आवळला गेला.

"मंडळी," बुवा म्हणाले, "घरी आमचं कोणी ऐकत नाही, म्हणून इथे रेडिओवर येऊन बोलतो…"

"खोटारडे!" आजी एकदम मोठ्याने म्हणाल्या. "रोज ऐकत होते मी! स्वयंपाक सोडून ऐकत होते!" आणि त्या हसायला लागल्या, हसताहसता डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात बुवांनी गाणं उचललं. तपासनीस बाईंनी चपला काढल्या. पाय दुखत होते म्हणून, असं त्या नंतर म्हणाल्या.

झाली कथा. गेलेल्यांच्या घरी केंद्रातून निरोप गेले, आणि एकेक करून फिती मोकळ्या झाल्या. आत्यांचा पोवाडा लागला, तेव्हा त्यांनी फोन करून वेळ चुकीची निवडली म्हणून निवेदकाला झाडलं.

आता उठण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागणं. काकूही आता देवाघरी गेल्या. निवेदकाला त्यांच्यावर कार्यक्रम करायचा होता. त्याने यंत्राला विचारलं, काकूंचं काही आहे का? यंत्राने गेलेले आणि असलेले, लावण्याजोगे आणि न लावण्याजोगे, सगळे धुंडाळले, कुठे कुठे पाहिलं ते नीट सांगितलं, आणि नाही म्हणालं. या वेळी ते खरं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज सांभाळले, पण माइकसमोर काकू कधी उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांचा आवाज कुठल्याच फितीत नाही. म्हणून, पहाटे कुठून एखादं गाणं कानी आलं, आणि गाणारा आता या जगात नाही हे तुम्हाला ठाऊक असलं, तर गाणं संपल्यावर घटकाभर हात जोडा आणि आमच्या काकूंची आठवण काढा.